भिंतीवर राहिलेल्या आकृत्या

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या विस्तार विभागाने तुझं नाव घेतलं आणि पुढच्या महिन्यापासून तू भूजलावरचं तुझं काम घेऊन लोकांमध्ये जाणार, हे ऐकून फार आनंद झाला. पण मग तू फोनवर स्वतःचा परिचय वाचून दाखवलास, आणि तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. बोलण्यात ती निसटली असती, म्हणून लिहायला बसले.

परिचयात शिष्यवृत्ती आहे, सुवर्णपदक आहे, 'स्वतःच्या मेहनतीच्या बळावर' असंही आहे. मेहनत तू केलीस, मी रात्र रात्र पाहिली आहे. पण त्या परिचयात तुझे पणजोबा कुठे नाहीत. ते पदवीधर होते, त्यामुळे आजोबांना प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा हे कुणाला विचारावं लागलं नाही. आजोबांमुळे मला प्राध्यापकांसमोर उभं राहताना भीती वाटली नाही. तू तर विद्यापीठात पहिल्या दिवसापासून घरच्यासारखी वावरलीस. 'दहावीनंतर काय' हा प्रश्न आपल्याकडे कधी पडलाच नाही. 'कुठलं कॉलेज' एवढाच पडला.

आणि त्याच पणजोबांच्या घरात तुझ्या पणजीला सही करता येत नव्हती. पुस्तकांचं कपाट होतं आणि त्यावरची धूळ झटकण्याचं काम तिचं होतं. आपण कोण, याचं उत्तर देताना मला नेहमी ही दोघं एकदम आठवतात. कपाटाची मालकीही आपली आणि ते फडकंही आपलंच. यातलं एकच सांगितलं तर ते अर्धं खोटं होतं.

आता माझं सांगते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. एकदा तासाला ती उठून उभी राहिली आणि तिने जमिनीखालच्या पाण्याबद्दल एक प्रश्न विचारला. पाण्याला ती 'पानी' म्हणाली. सर हसले, वर्ग हसला, मीही हसले. नंतरची तीन वर्षं ती शेवटच्या बाकावर बसली आणि पुन्हा कधी उभी राहिली नाही. तिने विचारलं होतं की दोन विहिरी शेजारी असताना एकीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं आणि दुसरीचं हलत नाही, असं का. सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ते येत नव्हतं, हे मला आत्ता आत्ता तुझं काम ऐकताना कळलं. पायाखालचा खडक कसा आहे, त्याला भेगा कुठे आहेत, हे तू समजावत होतीस आणि मला ती डोळ्यांसमोर दिसत होती. तिचा प्रश्न तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावरचा प्रश्न आहे गं. तू जिथे जाशील तिथे 'पानी' म्हणणारी माणसं भेटतील, आणि विहिरीचं पाणी कधी चढतं, कधी उतरतं हे त्यातल्या बायकांना तुझ्या मोजपट्टीआधीपासून माहीत असेल.

विद्यापीठाने भिंतीबाहेर जावं ही कल्पना जुनी आहे. १८६७ मध्ये केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट नावाचा चोविशीतला तरुण उत्तर इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या मंडळांनी बोलावलं म्हणून विज्ञानावर व्याख्यानं द्यायला गेला. तरुण पुरुषाने बायकांना तोंडी प्रश्न विचारणं तेव्हा बरं दिसत नसे, म्हणून तो प्रश्न छापून देई आणि त्या उत्तरं लिहून पाठवत. पुढे रॉचडेलच्या कामगारांच्या सहकारी संस्थेत तो बोलत असे. एकदा व्याख्यान संपल्यावर त्याला निघायची घाई होती. भिंतीवरच्या आकृत्या आठवडाभर तशाच राहू द्या, असं त्याने सभागृहाच्या रखवालदाराला सांगितलं. परत आला तर कळलं की सभासदांनी त्या आकृत्यांवर आपसात चर्चा केली, त्यांना बरंच काही विचारायचं आहे आणि ते व्याख्यानाच्या अर्धा तास आधीच येणार आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. तो बोलत होता तोवर लोक ऐकत होते. तो निघून गेला तेव्हा त्यांची आपसात चर्चा सुरू झाली. त्या अर्ध्या तासातूनच व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग घेण्याची पद्धत पडली, आणि १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे आपलं म्हटलं. आपल्याकडे यालाच बहिःशाल शिक्षण म्हणतात.

पण पुढचंही वाच. ज्या विद्यापीठाने बायकांच्या गावी जाऊन व्याख्यानं दिली, त्याच विद्यापीठात १८९७ मध्ये स्त्रियांना पदवी देण्याचा ठराव आला तेव्हा विद्यार्थ्यांनी सायकलवरच्या बाईचा पुतळा रस्त्यावर लटकवला आणि ठराव पडला. पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं. बाहेर जाऊन शिकवणं सोपं असतं, आत जागा करून देणं अवघड. तुझ्या विभागाच्या बैठकीत कुणी भेटीगाठींचे आकडे मोजू लागलं, तर एकदा विचार की त्या गावांतली किती मुलं आपल्या वर्गात बसली आहेत.

आणि पैशाचं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं, ते पुन्हा काढून वाच. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी तिथे स्पष्ट मांडलं. पणजोबांची फी त्यांच्या वडिलांनी भरली असेल. पण ग्रंथालयाची इमारत आणि प्राध्यापकांचा पगार फीतून निघत नव्हता. त्यात ज्यांची मुलं त्या वर्गात कधी बसली नाहीत, त्यांचा वाटा होता. तू ज्यांच्यासमोर उभी राहणार आहेस, त्यांनी तुझ्या शिक्षणाचे पैसे आधीच भरलेले आहेत. उपकार करायला आल्यासारखं बोललीस तर ते त्यांना लगेच कळेल.

याचा अर्थ तिथे जाऊन अपराधीपणाचं प्रदर्शन मांड असा नाही. स्वतःच्या घराण्याबद्दल पंधरा मिनिटं बोललीस, तर तेवढा वेळही तूच घेतलास. दोन वाक्यं पुरेत: मी अशा घरातून आले, मला हे आयतं मिळालं. मग सरळ पाण्यावर ये.

बाकी थोडं व्यवहाराचं. सभा विद्यापीठाच्या सभागृहात ठेवू नकोस. फाटकावर ओळखपत्र मागितलं की निम्मे लोक तिथूनच परततात. बायकांना सोयीची वेळ त्यांनाच विचार. ज्यांचा रोज बुडतो त्यांना मानधन मिळावं म्हणून विभागाशी भांड, प्रमुख पाहुण्यांना मिळतं तर यांना का नाही? कुणी सांगितलेल्या नोंदी तुझ्या लेखात आल्या, तर त्यांना विचारून त्यांचं नाव घाल. आणि नकाशे गुंडाळून परत आणू नकोस. तिथेच भिंतीवर राहू देत.

पहिल्या दिवसानंतर फोन कर. तू काय बोललीस ते नंतर सांग, आधी त्यांनी काय काय विचारलं ते सांग. मी वही घेऊन बसते.

तुझी,
आई