अंतर नव्हे, पाऊस विचारा

संपादक महोदय,
परदेशात अणुभट्टीचा अपघात झाला की ‘आपल्यापासून किती किलोमीटर?’ हा प्रश्न मोबाइलवर फिरू लागतो. बातम्यांतही अंतरच ठळक छापले जाते. खरे तर किरणोत्सर्गी धूळ किती उंच गेली आणि वाटेत पाऊस कुठे लागला, यावर सगळे ठरते.

एप्रिल १९८६ मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुभट्टीची धूळ हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या स्वीडनमधल्या येव्ले परिसरात दाट बसली, कारण ती डोक्यावरून जात असतानाच तिथे जोराचा पाऊस झाला. त्याहून जवळचे, पण कोरडे राहिलेले कितीतरी भाग वाचले. आपल्याकडेही धो-धो पावसाचा गगनबावडा आणि कमी पावसाचा शिरोळ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. वाऱ्याचेही तसेच. पावसाळ्यात खालचा वारा अरबी समुद्रावरून येतो, तर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर तो पूर्वेकडून जोरात वाहत असतो. नकाशावर एकच बाण काढून भागत नाही.

भट्टीतली धूळ बहुतेक ढगांच्याच थरात राहते आणि काही आठवड्यांत खाली येते. मेगाटनी, म्हणजे प्रचंड ताकदीच्या अणुबॉम्बची धूळ मात्र स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात चढते. तिथे धुऊन काढायला पाऊसच नाही. त्यामुळे ती वर्ष-दोन वर्षे पृथ्वीभोवती फिरते आणि मुख्यतः वसंतात मध्य अक्षांशांवर उतरते. १९६१-६२ च्या अणुचाचण्यांची धूळ सर्वाधिक पडली ती १९६३ मध्ये. तेव्हाच्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचा जवळपास पाव हिस्सा आजही शिल्लक आहे, कारण त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, ३० वर्षांचे.

कोल्हापूरकरांनी लक्ष द्यावे ते दुधाकडे. अशा धुळीतले किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पावसाबरोबर हिरव्या वैरणीवर बसते, जनावराने ती खाल्ली की दोन-तीन दिवसांत दुधात उतरते आणि लहान मुलांच्या कंठग्रंथीत (थायरॉइडमध्ये) साठते. दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणारे धारोष्ण दूध म्हणूनच सर्वांत आधी थांबवावे लागेल. उकळून आयोडीन जात नाही. जनावरे गोठ्यात बांधावीत, झाकलेल्या गंजीतला कडबा घालावा, पाणी विहिरीचे किंवा बोअरचे द्यावे. पत्र्यावरून साठवलेले पावसाचे पाणी नको. दूध ओतून देण्याचीही गरज नाही. या आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, त्यामुळे भुकटी करून ऐंशी दिवस ठेवली तर त्यातले आयोडीन हजारावा हिस्सा उरते. दुधात सीझियमही आले असेल, तर मात्र थांबून उपयोग नाही. नमुने मोजूनच ठरवावे लागते.

– भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर