फ्लोरा फाउंटन आणि आपलं कोरडं कारंजं

महोदय,

कोर्टाच्या कामासाठी सोलापूरहून मुंबईला गेलो होतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी वेळेत पोचली, हातात दोन तास होते, म्हणून चालत हुतात्मा चौकात गेलो. फ्लोरा फाउंटन चक्क चालू होतं!

हे कारंजं मूळचं राणीच्या बागेसाठी. खर्च ४७ हजार, त्यातले २० हजार एकट्या कर्सेटजी फरदूनजी पारेख यांचे. पुढे ते मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या पाडलेल्या चर्चगेट वेशीच्या जागी बसवलं. दगड इंग्लंडचा, पोर्टलंडचा. वर फुलांची रोमन देवी. मधल्या काळात कुणीतरी हौसेनं त्याला पांढरा ऑइलपेंट फासला. तो खरवडून, आतली पाण्याची व्यवस्था दुरुस्त करून २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घराजवळचं कारंजं. हौदात गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, एक तुटकी चप्पल. कधी बांधलं, कुणी बांधलं, कशाचाच फलक नाही. शेजारचे काका म्हणतात, "नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, अन् तुला कारंजं पायजे व्हय?" खरंय त्यांचं. कारंज्यात तेच पाणी फिरवून वापरता येतं, पण तेही राहू द्या. निदान हौद झाडून एक फलक लावा. आपल्या सोलापुरात, स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ थांबून पोरं नावं वाचतात, तशी इथंही वाचतील. चप्पल मी उद्या उचलतो.

– एक वाचक, सोलापूर