काकू, अट शेवटी घालायची नसते

ती. काकूंस,
सा. न.

एम-टूची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या गणिताच्या पेपरची, केटी (मागे राहिलेला विषय) सुटली. निकाल कळताच तुमच्या खोलीशी धावले, तर दाराला कुलूप; तुम्ही गावी गेलात म्हणे. थांबवेना, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या रात्री गॅलरीत मी एकाच गणितावर अडले होते. डीवाय बाय डीएक्स, म्हणजे वक्राचा उतार, बरोबर एक्स बाय वाय. अट अशी, की एक्स शून्य असताना वाय वजा २. वाय एकीकडे नेले, एक्स दुसरीकडे, इंटिग्रेशन केलं. वाय वर्ग बरोबर एक्स वर्ग, म्हणून वाय बरोबर एक्स. मग आठवलं तसा सी, म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक, जोडला, अट घातली. उत्तर वाय बरोबर एक्स वजा २. अट तर पाळली जात होती! क्लासमध्ये त्यावर नुसती फुली मिळाली होती.

दिवसभर नोकरी करून येणाऱ्या मुलांना शिकवून तुम्ही रात्रशाळेतून परतत होता. पिशवीही खाली न ठेवता विचारलंत, "एक्स शून्य असताना उतार किती हवा?" शून्य भागिले वजा २, म्हणजे शून्य. "आणि तुझ्या रेषेचा?"

एक. माझी रेषा त्या बिंदूतून जात होती, पण समीकरणाचं ऐकत नव्हती.

तुम्ही मला पहिल्यापासून करायला लावलंत. सी इंटिग्रेशनच्याच ओळीत लिहिला, तर वाय वर्ग बरोबर एक्स वर्ग अधिक ४ आलं. तो ४ वर्गमुळाच्या आत राहतो, मागून चिकटवता येत नाही. आनंदात मी धन मूळ लिहून टाकलं, तेव्हा तुम्ही फक्त अटीवर बोट ठेवलंत. वजा २. म्हणजे खालचाच वक्र. तोवर अट म्हणजे मला शेवटच्या एका मार्काची ओळ वाटायची. "गाडीचा वेग कळला, पण ती सुटली कुठून ते नको का कळायला?" हे तुमचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे.

वायने भागण्याआधी वाय शून्य असेल तर काय, हे बघायलाही तुम्हीच शिकवलंत. आता उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिल्याशिवाय मी पान उलटत नाही. पेपरात त्यानेच एक चूक वेळेत सापडली.

तुमच्या तुळशीला रोज पाणी घालतेय. परत आलात की लाप्लासची गणितं घेऊन येते.

तुमची,
तिसऱ्या माळ्यावरची, लालबाग, मुंबई