'कळवतो' म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नकार कसा पचवावा यावर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. मी ते कापून ठेवते. पण नकार देणाऱ्याने तो कसा द्यावा, यावर कुणी चार ओळी लिहिल्याचे आठवत नाही. म्हणून हे पत्र.

गेली सहा वर्षे मी कऱ्हाडात घरीच कांदा-लसूण चटणी करून विकते. (पुण्या-मुंबईकडे तिला मसाला म्हणतात, आमच्याकडे ती चटणीच.) ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. देठ खुडण्यापासून कांडपावरून आणेपर्यंत सगळे मीच बघते. दुकाने फिरते तेव्हा पिशवीत एक वही असते. दुकान, तारीख आणि दुकानदार काय म्हणाला ते त्यात लिहायचे.

वहीतला सगळ्यात चांगला नकार मलकापूरच्या एका दुकानदाराचा आहे. त्यांनी पाकीट फोडले, चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन जिभेला लावली, मग पाकीट उजेडात धरले. "वहिनी, चव एक नंबर. पण पाकिटाला तेल सुटलंय. शेजारच्या साखरेच्या पुड्याला डाग पडतील. मी ठेवणार नाही." दोन मिनिटांत विषय संपला. घरी येताना रडू आले, खोटे कशाला सांगू. पण पुढच्याच महिन्यात मी जाड पाऊच घेतले. तेल सुटायचे थांबले.

पाटणच्या दुकानाची नोंद बघा: 'पुढच्या आठवड्यात या.' 'मालक नाहीत.' 'अजून भवानी झाली नाही, दुपारी या.' 'दिवाळी होऊ द्या.' अशा सात खेपा! बरे, माल जांगड ठेवा, खपला तर पैसे द्या, एवढेच मी मागत होते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले म्हणून खेपा परवडल्या, पण सात दिवसांची मजुरी कुणी भरून देत नाही. आठव्यांदा गेले तर दुसऱ्याच कुणाची चटणी फळीवर मांडलेली. 'नको' हा दोन अक्षरी शब्द त्या गृहस्थांना इतका जड का गेला, कळत नाही.

बँकेतही तेच. मुद्रा योजनेतून दीड लाखाचा अर्ज केला होता. चार महिने 'फाइल वर गेली आहे.' शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यावे, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना २००३ पासून आहेत. आधी त्या लहान कर्जांपुरत्या होत्या, २००७ मध्ये सगळ्याच कर्जांना लागू झाल्या. मी तसा अर्ज टाकला. पंधरा दिवसांत एका ओळीचे उत्तर आले: सिबिल खराब. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद. तिचा वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढला, तेव्हा उलगडा झाला. दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन राहिले होते आणि त्याचे हप्ते थकलेले होते. ही एक ओळ चार महिने आधी मिळाली असती, तर मिरचीच्या हंगामाआधी मी दिराचे कान धरले असते. हंगाम गेला तो गेलाच.

घरातली गोष्टही सांगते. लेकीला बघायला एक स्थळ आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, 'कळवतो' म्हणून गेले. तीन आठवड्यांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती! लेक पोट धरून हसली. मला मात्र ते तीन आठवडे आठवत होते. फोन वाजला की आधी ती माझ्या तोंडाकडे बघायची.

तेव्हा दुकानदार बंधूंना, बँकेतल्या साहेबांना आणि मुलाकडच्या मंडळींना हात जोडून सांगणे आहे की नको असेल तर नको म्हणा, आणि जमले तर कारणही सांगा.

आता माझेही माप पदरात घेते. गेल्या सोमवारी पॅकिंगच्या कामाला ठेवता का, असे विचारत एक मुलगी दारात आली होती. मला आणखी माणूस परवडत नाही, हे तेव्हाच ठाऊक होते. तरी तोंडातून निघाले, "बघते गं, कळवते." ती खूश होऊन गेली. रात्री वही लिहायला घेतली तेव्हा ध्यानात आले, मी तिचा नंबरसुद्धा घेतला नव्हता. ओगलेवाडीची आहे, एवढेच बोलण्यात आले होते. परवा बाजारात दोघी-तिघींना विचारले. अजून पत्ता लागलेला नाही.

आपली,
एक चटणीवाली, कऱ्हाड