आपल्या रोलप्ले शाळेत जीएसए सुरू करतोय, त्यासाठी माणसं हवीयत (सगळ्यांना आवाहन)

मंडळी, सस्नेह नमस्कार.

नवं सत्र तोंडावर आलंय, कॅरेक्टर शीट्स (प्रत्येकाच्या पात्राची माहिती लिहिलेले कागद) येऊन पडतायत, वेळापत्रक अजून व्हायचंय, त्यामुळे हे घाईत लिहितेय पण मनापासून लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा. कमिटीने ठरवलंय की या सत्रापासून आपल्या शाळेत, म्हणजे आपण पात्रं घेऊन खेळतो त्या काल्पनिक शाळेत, जीएसए म्हणजे गे-स्ट्रेट अलायन्स सुरू करायचा, समलिंगी आणि स्ट्रेट मुलांनी एकत्र येऊन एकमेकांना साथ द्यायचा क्लब. खेळातल्या शाळेत एक क्लब म्हणून, आणि खेळाबाहेर आपण जी खरी माणसं आहोत त्यांच्यासाठीही. निधी लागणार आहेच पण त्याआधी माणसं हवीयत.

पुढे जायच्या आधी ज्यांच्यामुळे आपण इथवर आलो त्यांची नावं न घेता का होईना पण आठवण काढणारच, तुम्हाला सगळ्यांना माहितीये कोण ते. ज्या ताईंनी या शाळेचा पहिला नकाशा काढला, लायब्ररी कुठे, वसतिगृहाचा मागचा जिना कुठे, सगळं स्वतः बसून, त्यांच्या नकाशावर आपण आजही खेळतो. ज्या दादांनी कित्येक सत्रं रेक्टरचं पात्र केलं, स्वतःला कधी हिरोचा रोल मागितला नाही, आणि नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या सीनमध्ये सांभाळून घेतलं. नियमांची पुस्तकं आणि फासे आपल्या घरून आणून मंडळाला कायमचे देऊन टाकणारे ते नवरा-बायको. आणि एक्स-कार्ड छापून देणारे ते देणगीदार, ज्यांनी नाव लिहायचं नाही अशी अटच घातली होती, म्हणून लिहीत नाही. ते कार्ड आलं तेव्हा कितीजण म्हणाले की कशाला हे, मजा जाईल. मजा गेली नाही. जॉन स्टाव्रोपुलोस यांनी ही कल्पना मांडली ती इतकी साधी आहे की टेबलावर कार्ड ठेवायचं, सीन नको वाटला तर हात लावायचा, का ते विचारायचं नाही, सीन बदलायचा. ते सुरू झाल्यापासून आपल्याकडे गप्प बसणारी मुलंसुद्धा मोठे प्लॉट खेळायला लागली, हे आपलं सगळ्यात मोठं काम आहे असं मी मानते आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

आता जीएसए का. जगात याची सुरुवात शाळेतच झाली. १९८८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड अकॅडमीत केव्हिन जेनिंग्ज नावाचे इतिहासाचे शिक्षक होते, ते स्वतः गे, आणि त्यांच्याकडे क्लब काढूया म्हणून आली ती एक स्ट्रेट मुलगी. तिची आई लेस्बियन होती आणि शाळेत जे बोललं जायचं ते तिला सहन होत नव्हतं. म्हणजे पहिलं पाऊल स्ट्रेट मुलीने टाकलं, हे मला आपल्या मंडळात प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. पुढे १९९६ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ईस्ट हायस्कूलच्या मुलांनी असाच क्लब मागितला, तर १९८४ च्या कायद्यामुळे एकाच क्लबला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून तिथल्या बोर्डाने अभ्यासाबाहेरचे सगळेच क्लब बंद करून टाकले. मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, प्रकरण कोर्टात गेलं, २००० साली क्लब परत सुरू झाले. एवढं सोसून उभी राहिलेली गोष्ट आहे ही, आणि आपल्याला तर कुणाची परवानगीसुद्धा मागायची नाहीये, फक्त यायचंय.

या क्लबची खरी करामत अशी की तिथे कुणी बसलंय यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. स्ट्रेट मुलंही असतात, नुसती मैत्रिणीसोबत आलेलीही असतात, अजून स्वतःचं स्वतःलाच कळलं नाही अशीही असतात. कुणी विचारत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. पण हे चालतं कधी, तर खोलीत स्ट्रेट लोक भरपूर असतील तेव्हाच. चारच जण आले आणि चौघांकडे बघून बाहेर कुजबुज झाली तर तो क्लब नाही राहिला, ती यादी झाली. म्हणून हे आवाहन मुख्यतः त्यांना आहे ज्यांना वाटतं की हा आपला विषय नाही.

आणि रोलप्लेमध्ये तर हे जास्तच लागतं. आपल्याकडे कित्येक जण आधी पात्राच्या तोंडून बोलून बघतात. दोन सत्रं एखादी मुलगी अशा पात्राच्या रूपात वावरते ज्याला मुलगी आवडते, लोक कसे वागतात ते बघते, आणि मग ठरवते की इथे स्वतःबद्दल बोलायचं की नाही. कुणी फक्त कथा आवडली म्हणून तसं पात्र घेतं, त्यालाही पूर्ण हक्क आहे. दोघांना वेगळं ओळखायची आपल्याला गरज नाही आणि ओळखायचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही. पण त्या पात्राची कुणी टिंगल केली आणि वर म्हटलं की अगं कॅरेक्टरला बोललो तुला नाही, तर ते खरं नसतं. खेळातलं मनात उतरतं, खेळणारे त्याला ब्लीड म्हणतात, प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलंय. लढाईत पात्र मेलं तर आपण रात्रभर हळहळतो, मग हे बोलणं लागणार नाही असं कसं.

एक प्रश्न कमिटीत खूप वेळ चालला, की मग खेळात भेदभाव दाखवायचाच नाही का. माझं स्पष्ट मत, जे शेवटी मान्य झालं, की दाखवायचा, पण सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) सगळ्यांनी आधी ठरवून. खेळातल्या मुख्याध्यापकांनी जीएसएला खोली नाकारली आणि मुलांनी त्यासाठी सह्या गोळा केल्या, हा जबरदस्त प्लॉट आहे, मला स्वतःला खेळायचाय. पण ज्याच्या पात्रावर तो प्रसंग येणार त्याचा होकार आधी हवा, शिव्या कुठल्याही परिस्थितीत नाहीत, आणि कुणाचं गुपित फोडणं हा ट्विस्ट म्हणून वापरायचा नाही. एखाद्याचं पात्र आऊट करायचं, म्हणजे ते गे किंवा लेस्बियन आहे हे उघड करायचं, की नाही हे फक्त तो खेळाडू ठरवणार, गेममास्टर म्हणजे खेळ चालवणारासुद्धा नाही. आणि अठराखालची मुलं आपल्यात आहेत तेव्हा जीएसएच्या सीनमध्ये प्रेमप्रकरणं रंगवायची नाहीयेत, विषय सोबतीचा आणि वागणुकीचा आहे.

मनात आहे ते लिहूनच टाकते. मागच्या सत्रात हेच विचारलं होतं. खूप जणांनी हार्ट टाकले, फारच गरजेचं आहे असंही लिहिलं, आणि पहिल्या मीटिंगला नेहमीचीच माणसं आली, ज्यांना गरज होती तीच. त्यातली दोघं आता खेळायला येत नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही, पण त्या खुर्च्या रिकाम्या बघून त्यांना काय वाटलं असेल ते मला समजतं. कुणाला दोष देत नाहीये, परीक्षा होत्या, कामं होती. पण आपल्या शाळेतली खोटी आग विझवायला अख्खं मंडळ मध्यरात्रीपर्यंत जागलं होतं, त्याच मंडळाकडून मी एका तासाची अपेक्षा करतेय, ती जास्त आहे असं मला वाटत नाही.

तर हवंय काय: खेळात क्लबच्या शिक्षकाचं पात्र करायला एक अनुभवी खेळाडू, पूर्ण सत्र टिकणारा (अर्ध्यात सोडणार असाल तर नका घेऊ, मुलं त्या पात्रावर विसंबतात). खेळाबाहेर दोन मोठी माणसं, मीटिंगला हजर राहायला, एकटं कुणी नाही, दोघं मिळून. कुणी समुपदेशक ओळखीचं असेल, क्वीअर मुलांसोबत काम केलेलं, तर महिन्यातून एकदा येतील का विचारा, मानधन द्यायचंय. दोन गेममास्टर, सेफ्टी टूल्स (एक्स-कार्डसारखी साधनं) शिकून घ्यायची तयारी असलेले, शिकवू आम्ही. पुस्तकं. निधी जमेल तेवढा, खजिनदारांकडे, पावती घ्या, हिशोब सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर, नाव नको असेल तर नाव येणार नाही. पहिली मीटिंग सत्राच्या पहिल्या सेशनआधी एक तास, नेहमीच्याच जागी, कॅरेक्टर शीट नसली तरी चालेल. फोटो काढायचे नाहीत, हजेरी नाही, आत ऐकलेलं आत. एकच अपवाद, कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्या दोन मोठ्या माणसांना लगेच सांगायचं. शिक्षकाच्या पात्रासाठी नावं मला या आठवड्यातच कळवा कारण त्याशिवाय पहिला प्लॉट लिहिता येत नाहीये, बाकीचं मीटिंगला आलात तरी चालेल. येताना जो मित्र कधीच अशा गोष्टीला येत नाही त्याला घेऊन या.

आपली,
सचिव
(कमिटीतल्या सगळ्यांच्या वतीने)