सिगारेट सुटेपर्यंत व्यायामासाठी थांबू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी करता येतील अशा व्यायामांविषयी जे लेख प्रसिद्ध होतात, ते मी आवर्जून वाचते आणि माझ्या रुग्णांनाही वाचायला सांगते. मात्र त्यांतील बहुतेक लेखांच्या शेवटी ‘धूम्रपान करणाऱ्यांनी आधी व्यसन सोडावे आणि मगच व्यायामाकडे वळावे’ अशा अर्थाचे एखादे वाक्य असते, आणि ज्यांना या लेखांची सर्वाधिक गरज आहे तेच वाचक त्या वाक्यापाशी पान उलटतात. सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाने व्यायाम घरातूनच आणि व्यसन सुटण्याची वाट न पाहता सुरू करावा, असे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे स्पष्ट मत आहे. तो कसा करावा, याची माहिती मात्र मराठीत फारशी वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

पाठदुखी किंवा गुडघेदुखीच्या उपचारासाठी मी घरोघरी जाते, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले असे अनेक पुरुष भेटतात, जे तरुणपणी तालमीत जात, कबड्डी खेळत आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरी पोहोचताना मध्येच थांबतात. जिन्याच्या वळणावर कठड्याला हात टेकायचा, खिशातून मोबाइल काढून काहीतरी वाचत असल्यासारखे करायचे आणि श्वास जुळला की पुढची पायरी चढायची, हे मी पुन्हापुन्हा पाहते. विचारले तर वयाचे किंवा सुटलेल्या पोटाचे कारण सांगितले जाते. त्यात तथ्य असले तरी धापेचे मोठे कारण रक्तात असते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो, त्यामुळे हिमोग्लोबिनचा काही भाग प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून बादच होतो. त्याच वेळी निकोटीनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतात, म्हणजे कमी प्राणवायूवर हृदयाला जास्त काम करावे लागते. श्वासनलिकांच्या आतील सूक्ष्म केसांचे कफ वर ढकलण्याचे काम धुरामुळे मंदावते, ते वेगळेच.

यातूनच व्यायामाची वेळ ठरवता येते. स्वच्छ हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण साधारण चार ते पाच तासांत निम्म्यावर येते, म्हणून रात्रीच्या झोपेनंतर सकाळी ते दिवसभरातले सर्वांत कमी असते. नेमक्या याच वेळी निकोटीनची ओढ मात्र सर्वांत तीव्र असते आणि चहाच्या कपाबरोबर पहिली सिगारेट पेटवली जाते. उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत ती लागत असेल, तर अवलंबित्व बरेच खोल आहे असे डॉक्टर समजतात. म्हणून माझा आग्रह असतो की तोंड धुऊन, पाणी पिऊन व्यायाम आधी करावा आणि चहा नंतर घ्यावा. त्या दिवशी एकही सिगारेट कमी झाली नाही तरी पहिली सिगारेट पुढे ढकलली जाते, आणि दिवसाची सुरुवात धुराशिवाय करता येते हे त्या माणसाला स्वतःच्या अनुभवाने कळते.

सुरू करण्यापूर्वी मात्र एक अट पाळलीच पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्या आणि अनेक वर्षे धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीने रक्तदाब, रक्तातील साखर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ईसीजी तपासून घ्यावा. चालताना छातीवर दाब येणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, विनाकारण घाम फुटणे यांपैकी काहीही जाणवले तर व्यायाम तिथेच थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो आणि थांबले की दुखणे जाते, ही तक्रार अनेकजण थकवा म्हणून सोडून देतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ती पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. खोकल्याचेही तसेच आहे. ‘हा सिगारेटचाच खोकला’ असे म्हणून तो अंगावर काढण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यासाठी क्षयरोगाची तपासणी करायलाच हवी आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते.

प्रत्यक्ष व्यायामासाठी जिम लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. पहिले दोन आठवडे गच्चीवर, अंगणात किंवा घरातल्या घरात सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे इतक्याच वेगाने चालावे की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. पूर्ण वाक्य तोंडातून निघेनासे झाले तर वेग कमी करावा, थांबू मात्र नये. जोडीला न डगमगणाऱ्या खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीवर जोर काढणे, हे दोनच व्यायाम पुरेसे आहेत. तालमीत गेलेल्या माणसाला भिंतीवरचे जोर कमीपणाचे वाटतात, तो पहिल्याच दिवशी जमिनीवर पन्नास जोर काढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांदे उचलता येत नाहीत. हे माझ्या कामात इतक्या वेळा घडते की मी आता ते आधीच बजावून ठेवते. जोर काढताना श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. ढकलताना श्वास सोडावा, परतताना घ्यावा.

हे अंगवळणी पडल्यावर सूर्यनमस्कारांकडे वळावे. आमच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः नित्यनेमाने घातले आणि त्यांचा हिरिरीने प्रसार केला. त्यामुळे आपल्याकडे हा व्यायाम कोणालाही नव्याने शिकवावा लागत नाही, शाळेत रथसप्तमीला घातलेले नमस्कार शरीराला आठवत असतात. प्रारंभी दोन किंवा तीन नमस्कार सावकाश घालावेत आणि दोन नमस्कारांमध्ये श्वास पूर्ववत होईपर्यंत उभे राहावे. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथवर पोहोचायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही.

दूरचित्रवाणीवर पाहून जोरजोरात कपालभाती आणि भस्त्रिका करणाऱ्यांविषयी मला विशेष काळजी वाटते. ‘फुप्फुसे साफ होतात’ या समजुतीने धूम्रपान करणारे लोक नेमके हेच प्रकार निवडतात आणि चक्कर येऊन खाली बसतात. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ते टाळावेत. नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडणे हा सुरक्षित प्रकार आहे आणि जिन्यावर धाप लागली असतानाही त्याचा उपयोग होतो.

व्यायामाचा आणखी एक उपयोग असा, की तो तलफ येईल तेव्हाच वापरता येतो. पाच-दहा मिनिटे झपाझप चालल्याने सिगारेटची ओढ तेवढ्यापुरती आणि त्यानंतरही काही वेळ कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे. केवळ व्यायामाने व्यसन कायमचे सुटते असा दावा मी करणार नाही, तसा भक्कम पुरावाही नाही. त्यासाठी समुपदेशन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम किंवा औषधे यांची जोड लागते. हे च्युइंगम नेहमीच्या च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे असते, नाहीतर उचक्या लागतात, मळमळते आणि माणूस ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून सोडून देतो. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. या भीतीने थांबलेल्यांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, आधीच सुरू केलेला व्यायाम फार उपयोगी पडतो.

व्यायाम करतो म्हणून सिगारेट चालते, असा अर्थ कोणी काढू नये. धुराने झालेले नुकसान कोणत्याही नमस्कारांनी भरून निघत नाही. सिगारेट सोडून त्याऐवजी तंबाखू-चुना किंवा मिश्री सुरू करणे, हेही आपल्या भागात सर्रास दिसते आणि त्याने फक्त धोक्याची जागा बदलते. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक उत्तर आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांचा 1951 ते 2001 अशी पन्नास वर्षे जो पाठपुरावा झाला, त्यात धूम्रपान चालूच ठेवणाऱ्यांच्या तुलनेत साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षे जास्त आयुष्य लाभल्याचे दिसून आले.

आपणास विनंती अशी, की खुर्चीचे आणि भिंतीचे हे साधे व्यायाम चित्रांसह, मोठ्या अक्षरांत आणि तंबाखूमुक्तीसाठीच्या 1800-11-2356 या राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी क्रमांकासह प्रसिद्ध करावेत. ते पुरवणीऐवजी रोजच्या मुख्य अंकात यावेत. ज्यांना या माहितीची गरज आहे त्यांच्यापैकी बरेचजण वर्तमानपत्र चहाच्या टपरीवर किंवा सलूनमध्ये वाचतात, आणि तिथे मुख्य अंक हातोहात फिरत असला तरी पुरवणी क्वचितच सापडते.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा