किती वेळा जेवायचं, हे ठरवताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दिवसातून नक्की किती वेळा जेवावं?" तेव्हा मी "लिहून कळवते" एवढंच म्हटलं, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. तुझ्या खोलीतला एक मित्र दिवसातून एकदाच जेवतो, दुसरा दर दोन-अडीच तासांनी डबा उघडतो, आणि आपलंच खरं असं दोघंही छातीठोकपणे सांगतात. तू मात्र एक दिवस याचं ऐकतोस, दुसऱ्या दिवशी त्याचं. सोमवारी सकाळचं खाणं सोडलंस, मंगळवारी रात्री अकराला दुसऱ्यांदा जेवलास. त्या दोघांच्या आकड्यांची मला काळजी नाही, तुझ्या या रोजच्या धरसोडीची आहे.

आधी डबेवाल्या मित्राचं घेऊ. थोडं थोडं वारंवार खाल्लं की चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जेचा खर्च, वाढतो, असं तो म्हणतो. माझे विद्यार्थीही हेच म्हणत, आणि वर्गात मी त्यांना हिशेब करायला लावत असे. अन्न पचवायला, शोषून घ्यायला शरीराला स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागते, हे बरोबर. मिश्र आहारात हा खर्च खाल्लेल्या ऊर्जेच्या साधारण १० टक्के असतो. समज, दिवसाला २००० कॅलरी खाल्ल्यास. दोनदा जेवलास तर प्रत्येक वेळी १०० खर्च, म्हणजे २००. पाच वेळा खाल्लंस तर प्रत्येक वेळी ४०, म्हणजे पुन्हा २००च. हा खर्च किती खाल्लं आणि काय खाल्लं यावर ठरतो. प्रथिनांना तो २० ते ३० टक्के लागतो, स्निग्ध पदार्थांना अगदी थोडा. १९९७ साली या विषयावरचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, आणि जेवणांची संख्या वाढवून ऊर्जेचा खर्च वाढतो असं काही त्यात दिसलं नाही.

मग ही समजूत आली कुठून? १९६४ साली प्रागमधल्या संशोधकांनी पाहिलं की कमी वेळा जेवणाऱ्या प्रौढ पुरुषांमध्ये लठ्ठपणा जास्त आहे. पण वजन वाढलेला माणूसच आधी एखादं जेवण सोडतो, आणि काय खाल्लं हे सांगताना मधलं किरकोळ खाणं गाळतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून कळत नाही. पुढे २०१० साली एका प्रयोगात लठ्ठ व्यक्तींना आठ आठवडे सारख्याच कॅलरी दिल्या. एका गटाला तीन जेवणांत, दुसऱ्याला तीन जेवणं आणि तीन मधली खाणी अशा वाटून. वजन दोन्ही गटांचं सारखंच उतरलं.

डबेवाल्या मित्राच्या बाजूनं बोलणारा एक प्रयोग आहे, तोही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी एकतर्फी बोलते आहे. १९८९ साली सात पुरुषांना तेच अन्न दोन आठवडे तीन जेवणांत आणि दोन आठवडे १७ छोट्या खाण्यांत वाटून दिलं. १७ वेळा खाताना त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल १३ टक्क्यांहून जास्त उतरलं आणि इन्शुलिनही कमी लागलं. निष्कर्ष खरा आहे. पण त्यांना अन्न मोजून दिलं होतं. तुझ्या टेबलावर कोणी मोजून ठेवत नाही. तिथं मधल्या वेळेत हाताला लागतं ते बिस्कीट, गोड चहा, तळलेलं काहीतरी, आणि त्यानंतरचं जेवण काही तेवढ्यानं कमी होत नाही.

येता-जाता तोंडात टाकण्याला माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. रिकाम्या पोटी जठरापासून लहान आतड्यापर्यंत दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट सरकत जाते. मागे राहिलेले अन्नकण आणि जीवाणू ती केरसुणीसारखी पुढे लोटते. पोट गुरगुरतं ते बऱ्याचदा तिच्यामुळे. तू काही खाल्लंस की ती थांबते आणि पचनाची हालचाल सुरू होते. दिवसभर तोंड चालू असलं तर या कामाला वेळच मिळत नाही. आणि दात! साखर तोंडात गेली की जीवाणू आम्ल बनवतात, दातावरच्या थराचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका खाली, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि दाताचं खनिज विरघळू लागतं. लाळ ते पूर्ववत करते, पण त्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. दर तासाला गोड घोट घेणाऱ्याचे दात बहुतेक वेळ आम्लातच राहतात. १९४५ नंतर स्वीडनमध्ये विपेहोल्म इथल्या एका संस्थेतल्या रहिवाशांना मुद्दाम गोड खायला घालून हे पाहिलं गेलं. अत्यंत क्रूर प्रयोग होता. त्या माणसांना नकार देण्याची सोय नव्हती, आणि तो वर्गात शिकवताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायचं. त्यातून निघालेलं उत्तर मात्र स्पष्ट होतं: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळेत चघळलेल्या चिकट गोडानं दात फार जास्त किडले.

आता एकवेळ जेवणारा. न्याहारी चुकली तर शरीर उपासमारीला लागतं आणि चयापचय मंदावतो, ही भीती त्याला नाही, आणि तिथं त्याचं बरोबर आहे. यकृतात साखरेचा साधारण १०० ग्रॅम साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. रात्रभर रक्तातली साखर त्यावर टिकते. तो उतरत गेला की शरीर चरबीकडे वळतं. यात बिघाड काही नाही, निरोगी शरीराचं हे रोजचंच काम आहे. २०१४ साली इंग्लंडमध्ये सहा आठवडे एका गटाला न्याहारी दिली आणि दुसऱ्याला दुपारपर्यंत उपाशी ठेवलं, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जेचा खर्च दोघांचा बदलला नाही. फरक पडला तो हालचालीत. न्याहारी करणारे सकाळी नकळत जास्त हिंडले-फिरले.

पण एका जेवणात सगळं उरकायचं म्हणजे दिवसभराची प्रथिनं, तंतुमय पदार्थ, कॅल्शियम एका बैठकीत पोटात मावायला हवं. कॅल्शियम एकाच वेळी जितकं जास्त घ्यावं, तितका त्यातला शोषला जाणारा वाटा घटतो. २००७ साली निरोगी, योग्य वजनाच्या लोकांवर एक प्रयोग झाला. तेवढ्याच कॅलरी आठ आठवडे एका जेवणात आणि आठ आठवडे तीन जेवणांत. एकवेळ खाताना थोडी चरबी उतरली, पण भूक जास्त लागत राहिली, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढलं. हे प्रत्येकाला होईल असं मी म्हणत नाही. पण "एकदाच जेवलं की सगळं सुधारतं" असं ऐकलंस की एवढं आठव.

दोन वेळा जेवण ही गोष्ट निराळी. २०१४ साली प्रागमध्ये मधुमेहाच्या ५४ रुग्णांना सारख्याच कॅलरी काही आठवडे सहा छोट्या खाण्यांत आणि काही आठवडे फक्त सकाळ-दुपारच्या दोन जेवणांत देऊन पाहिल्या. दोन जेवणांत वजन जास्त उतरलं. जेवणं दोनच होती, शिवाय दिवसाच्या पहिल्या भागात होती, हे विसरू नकोस. तेच अन्न सकाळी खाल्लं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री खाल्लं तर जास्त, कारण इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडालाही दिवस-रात्र कळते. नुसतं तासांचं कुंपण घालून मात्र फार काही साधत नाही. २०२२ साली १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या, एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चारच्या आतच. वर्षअखेर वजनात ठळक फरक नव्हता.

मग मी कशाला धरून बसले आहे? वेळेला. १९९९ साली जपानी संशोधकांना जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक सापडलं. ते रक्तात वाढलं की भूक लागते, आणि ते वाढतं आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेच्या जरा आधी. ती वेळ बदललीस आणि नवी नेटानं पाळलीस, तर काही दिवसांत भूक नव्या वेळेला येऊ लागते. तुझं काय होतंय, आज एक वाजता, उद्या चारला, परवा नाहीच. मग दिवसभर अर्धवट भूक, आणि रात्री अकराला ताटावर तुटून पडणं. तू म्हणालास, "माझा स्वतःवर ताबाच नाही." बाळा, हा ताब्याचा प्रश्नच नाही. दिवसभर अर्धपोटी राहिलेलं शरीर रात्री आपलं घेणारच.

म्हणून आकडा आधी ठरवू नकोस. आधी झोपेची वेळ लिही. तिच्या तीन तास अलीकडे शेवटचं जेवण. पोट भरलेलं असताना आडवं झालं की आम्ल वर येतं, आणि तुला तो त्रास आहेच. मग उठल्यावर खरी भूक कधी लागते ते चार दिवस बघ. काहींना तासाभरात लागते, काहींना तीन तासांनी. ती तुझी पहिली वेळ. या दोन टोकांमध्ये चार ते सहा तासांची अंतरं पाड. जेवण जठरातून खाली उतरायला साधारण चार तास लागतात, स्निग्ध जास्त असेल तर अधिक. तुझ्यासारख्याचा दिवस यात बहुतेक तीन जेवणांवर येईल, कदाचित दोनवर. व्यायामाच्या दिवशी चौथं छोटं खाणं लागलं तर घे, पण तेही ठरवून, बसून. अंतर जास्त होतंय हे तुला डोकं दुखण्यावरून, चिडचिडीवरून, पुढच्या जेवणात घाईनं दुप्पट खाण्यावरून कळेल. जेवायला बसलास आणि भूकच नाही असं वारंवार झालं, तर एखादं खाणं जास्तीचं आहे. निदान तीन आठवडे तेच ठेव, मधे बदलू नकोस.

हे गणित सगळ्यांना लागू नाही. तुझ्या बाबांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत. त्यातल्या काही गोळ्यांवर किंवा इन्शुलिनवर जेवण चुकलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते, म्हणून त्यांच्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच हलतात. तुझी आजी उतारवयात चार घासांतच थांबायची. तिला आम्ही पाच-सहा वेळा द्यायचो, आणि तिच्यासाठी तेच योग्य होतं. वाढत्या मुलांचं पोट लहान, गरज मोठी, त्यांना मधलं खाणं हवंच. गरोदर बाईला उपाशी ठेवून कसलाही प्रयोग करू नये.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. जेवण टाळल्याचा अभिमान तुझ्या बोलण्यात मला ऐकू आला. "आज वीस तास काढले" असं तू म्हणालास, तेव्हा आवाजात जिंकल्याचा आनंद होता. मला भीती वाटली. भुकेला हरवण्याचा हा खेळ काही मुलांना कुठल्या कुठे घेऊन जातो, मी विद्यार्थ्यांत पाहिलं आहे. आधी जेवण सोडणं, मग चोरून भरमसाट खाणं, मग शरम, मग पुन्हा सोडणं. तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. दिवसाचा मोठा भाग अन्नाचा विचार करण्यात जाऊ लागला, चारचौघांत जेवायला टाळू लागलास, तर आकडे-बिकडे बाजूला ठेव आणि मला लगेच फोन कर. रात्री दोन वाजले असले तरी कर. डॉक्टरांकडे आपण बरोबर जाऊ.

पुढच्या महिन्यात तुझी रात्रपाळी सुरू होईल, तेव्हा वरचं सगळं उलटंपालटं होणार. शरीराचं आतलं घड्याळ पाळी बदलली म्हणून लगेच बदलत नाही. रात्री दोनला खाल्लेलं जेवण त्याच्या लेखी मध्यरात्रीचंच असतं आणि साखर जास्त चढते. २०२१ च्या एका प्रयोगात असं दिसलं की रात्री जागूनही जेवणं दिवसाउजेडी घेतली तर साखरेचं नियंत्रण बिघडलं नाही. तेव्हा मुख्य जेवण कामावर जाण्याआधी संध्याकाळी कर. रात्री राहवलं नाही तर एखादं फळ, मूठभर दाणे किंवा दूध, पोटभर नको. सकाळी परतल्यावर झोपण्यापूर्वी हलकं काही खा, म्हणजे भुकेनं मधेच जाग येणार नाही, आणि दुपारी उठल्यावर पुन्हा नीट जेव. पाळीच्या वेळा हातात आल्या की मला पाठव, जेवणाच्या वेळा आपण दोघं मिळून मांडू.

तुझी,
आई